झाकणं आणि सावरणं

चहाडी करू नये आणि चोरी करू नये, या दोन गोष्टी आपल्याला जवळजवळ एकाच वयात शिकवल्या जातात. घरी आजी शिकवते, बस्तीतल्या पाठशाळेत बाई शिकवतात. पण चोरी आपल्याच भाऊबंदांत होत असली आणि ती थांबवायला चहाडीच करावी लागणार असली, तर काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. ते ज्याचं त्यानं बघायचं. बहुतेक जण गप्प बसतात. गप्प बसण्यात पाप नाही असं आपल्याला वाटतं, आणि कुणाशी वाईटपणाही येत नाही.

आमच्या निपाणीकडच्या भागात हा प्रश्न अलीकडं घरोघरी येऊन बसलाय. 2023च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकात गृहलक्ष्मी योजना सुरू झाली. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव, तिच्या खात्यावर महिन्याला 2000 रुपये. ती किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल, जीएसटीचं विवरण भरत असेल, तर मात्र नाही. पुढच्याच वर्षी पलीकडं महाराष्ट्रात लाडकी बहीण आली, 1500 रुपयांची. आमच्यातल्या निम्म्या बायकांचं माहेर कागल-कोल्हापूरकडचं, निम्म्या लेकी तिकडं दिलेल्या. त्यामुळं हळदीकुंकवाला दोन्ही सरकारांचा हिशेब एकाच चटईवर बसून होतो. कुणाचा हप्ता जमा झाला, कुणाचा अडकला, कुणाचं आधार बँकेला जोडलेलं नाही.

मी या योजनांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. आयुष्यभर नवऱ्यापुढं हात पसरलेल्या बाईला स्वतःच्या खात्यात दोन हजार दिसतात, तेव्हा तिच्या चालण्यात काय फरक पडतो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कुणी त्यातून औषधं आणते, कुणी नातवाची फी भरते. एकीनं तर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं चप्पल घेतली. म्हणूनच, ज्याला गरज नाही त्यानं तिथं हात घातला की मला ते साधं सरकारी नुकसान वाटत नाही.

आमच्या चुलत सासूबाई, म्हणजे काकी, सत्तरी ओलांडलेल्या. पंचवीस वर्षांपूर्वी एका चातुर्मासात त्यांनी महाराजांकडून पाच अणुव्रतं घेतली. ती त्या बोलून दाखवत नाहीत, पाळतात. सूर्य मावळायच्या आत जेवण, अष्टमी-चतुर्दशीला उपवास. शेजारच्या परड्यातला कढीपत्ता तोडायचा तरी आधी हाक मारून विचारणार. मराठी चौथी शिकलेल्या. कानडी ऐकून थोडं कळतं, वाचता अजिबात येत नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा चुलत दीर, खताचं दुकान चालवतो. दारात पांढऱ्या पाटीची गाडी, वर माडी, दोन एकर ऊस. सून हुशार, बी.कॉम. झालेली, दुकानाचा सगळा हिशेब तीच बघते.

एक दिवस काकी हातात लिफाफा घेऊन माझ्याकडं आल्या. गावात माझं लग्न झाल्यापासून कानडी कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आपोआप आलंय. बी.ए.ला मी कानडी घेतलं होतं, तेवढ्या शिदोरीवर अर्ध्या गल्लीचे अर्ज मी भरते.

"काय लिव्हलंय बघ की गं. घरात दोघंबी न्हाईत, पोस्टमन माझ्याच हातात देऊन गेला."

तो तपासणीचा कागद होता. सोबत मूळ अर्जाची झेरॉक्स. संध्या सुरक्षा योजनेचं पेन्शन, महिना 1200 रुपये. खाली वेगळ्या बीपीएल कार्डाचा नंबर आणि त्यावरची गृहलक्ष्मी. प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं की अर्जदार विधवा, स्वतंत्र चुलीवर राहते, उत्पन्नाचं साधन नाही, मुलगा सांभाळत नाही. त्याखाली काकींची मराठी सही, मोठ्या गोल अक्षरांतली.

ते एक वाक्य मी दोनदा वाचलं. मुलगा सांभाळत नाही. ज्या मुलाच्या ताटाशेजारी ताट मांडून त्या रोज जेवतात, जो त्यांना दर महिन्याला निपाणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेतो, त्या मुलानंच आईकडून हे लिहून घेतलं होतं.

"काय वाईट हाय का गं?"

"काकी, कागदात चूक आहे," मी म्हटलं. "माझ्याकडं राहू दे. सूनबाईशी बोलून मग सांगते."

त्या लगेच उठल्या. त्यांना वाटलं, नावात काहीतरी चूक असेल.

जाऊबाईंशी मी दुसऱ्या दिवशी बोलले, परड्यात, कुणी नसताना. ती दचकली नाही की रागावलीही नाही. सगळं तिनं आधीच मनाशी बसवून ठेवलेलं होतं.

"वैनी, गावात कोण घेत न्हाई ते एक नाव सांगा मला. तिकडं लाडकी बहिणीत सरकारी नोकरीतल्या बायका सापडल्या, पुरुषबी सापडले, त्यांचं काय झालं? आम्ही दुकानाचा जीएसटी भरतो, तो काय कमी हाय? त्यातलंच थोडं परत आलं म्हणा. आणि आपलं तर काय, ना तिकडचे आपल्याला विचारतात, ना हिकडचे. मिळतंय ते घ्यावं."

मी म्हटलं, "घेणारी तू आहेस. सही काकींची आहे."

त्यावर मात्र ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही अर्ज टाकणार आमच्यावर? चिंचेचं अजून मनात हाय व्हय?"

बांधावरच्या चिंचेच्या झाडावरून आमच्या दोन घरांत सहा वर्षं अबोला होता. तो संपून तीन वर्षं झाली. तिनं नेमकं तिथं बोट ठेवलं, आणि ते बोलणं मला नुसतं झटकून टाकता येईना. आमच्याकडं निनावी अर्ज हे भाऊबंदकीचं जुनं हत्यार आहे. कुणाची विहीर, कुणाचं अतिक्रमण, कुणाचं कार्ड, तहसीलदार कचेरीत जाणाऱ्या अशा अर्जांमागं न्यायाची चाड किती आणि बांधाचा राग किती, हे सगळं गाव ओळखून असतं. मी खऱ्या गोष्टीसाठी अर्ज केला असता तरी गावानं तो चिंचेच्या खात्यावरच मांडला असता.

त्या रात्री मी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय काढला. स्वाध्यायात तो आपण कितीदा वाचलाय. तिथं अचौर्याचे अतिचार सांगितलेत, त्यांत एक आहे विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमाविरुद्ध जाऊन लाभ घेणं. सत्याच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणं. वाचताना वाटलं, दीड हजार वर्षांहून जुन्या त्या सूत्रात आमच्या जाऊबाईंचं प्रतिज्ञापत्र आधीच नोंदवून ठेवलंय.

पण त्याच सूत्रात, कूटलेखाच्या शेजारीच, आणखी दोन शब्द आहेत. रहोभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्याची एकांतातली गोष्ट उघड करणं. आणि साकारमंत्रभेद, म्हणजे दुसऱ्याच्या हावभावांवरून त्याच्या मनातलं ओळखून ते बाहेर फोडणं. खोटा कागद करणारी आणि तो चव्हाट्यावर मांडणारी, दोघींना सूत्रकारांनी एकाच ओळीत बसवलंय. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात तर सत्याणुव्रताची व्याख्या करतानाच म्हटलंय की ज्यानं दुसऱ्यावर संकट ओढवेल, असं सत्यही श्रावकानं बोलू नये.

झालं, म्हणजे सुटलो. ग्रंथच गप्प बसायला सांगतोय. आपल्यातले पुष्कळ जण इथंच ग्रंथ मिटतात. मला मिटवेना, कारण एक प्रश्न उरत होता. संकट कुणावर?

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई बिड्या वळते. नवरा गेला, दोन मुलं आहेत. सासऱ्यांनी तिला मागच्या खोलीत काढलं. तिची चूल खरंच वेगळी आहे, तीन दगडांची, मी पाहिलीय. पण रेशन कार्डावर ती अजून सासऱ्यांच्याच घरात मोडते, आणि तिच्या वाट्याचं धान्य त्यांच्या घरात उतरतं. वेगळ्या कार्डाचा तिचा अर्ज मीच भरला होता. त्याच्या चौकशीसाठी ती मजुरी बुडवून किती वेळा नाडकचेरीत गेली, याची गणती नाही. जी खरोखर वेगळी आहे ती कागदावर एकत्र, आणि जी खरोखर एकत्र आहे ती कागदावर वेगळी. मी गप्प बसले तर संकट कुणावर येणार नाही, असं म्हणायची सोय त्या तीन दगडांनी ठेवली नव्हती.

शिवाय 2024च्या नोव्हेंबरात काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलंय. अपात्र बीपीएल कार्डं रद्द करायची मोहीम कर्नाटकात निघाली. त्यात गरिबांचीही कार्डं गेली, ओरड झाली, आणि शेवटी सरकारी नोकर आणि आयकर भरणारे सोडून बाकीच्यांची कार्डं परत देण्याचं सरकारला जाहीर करावं लागलं. खोट्या कार्डांमुळं संशयाची झाडू फिरते, तेव्हा आधी गरीबच झाडला जातो. पैसेवाला कुणाला तरी भेटून यादीत परत बसतो.

म्हणजे गप्प बसायचं नाही. मग तक्रार करायची? तिथं दुसरा खड्डा होता. तक्रार केली असती तर ती कुणावर झाली असती? पेन्शन काकींच्या नावे, कार्ड काकींच्या नावे, प्रतिज्ञापत्रावर सही काकींची. चौकशीचा माणूस आला असता तर त्यानं त्यांनाच विचारलं असतं. वसुली निघाली असती तर त्यांच्यावर. जिनं ते वाक्य रचलं तिचं नाव त्या कागदावर कुठंच नव्हतं. फसवणुकीच्या कागदांचं हे असंच असतं. घरातलं सगळ्यात भोळं माणूस पुढं उभं केलेलं असतं.

सम्यक्त्वाच्या आठ अंगांत उपगूहन हे एक अंग आहे. दुसऱ्याचा दोष झाकणं, असा त्याचा अर्थ आपण सहज सांगतो. पण समंतभद्रांनी कुणाचा दोष झाकायचा तेही सांगितलंय: अजाण आणि असमर्थ माणसाच्या हातून घडलेला, ज्यामुळं धर्ममार्गाची निंदा होईल असा. जाणूनबुजून हिशेबानं केलेल्या लबाडीला ते पांघरूण नाही. या अंगाचं उदाहरण म्हणून जिनेंद्रभक्त शेठजींची कथा येते. एक चोर क्षुल्लकाचा वेष घेऊन त्यांच्याकडं राहिला आणि चैत्यालयातलं वैडूर्यरत्न घेऊन रात्री पळाला. लोकांनी त्याला पाठलाग करून गाठलं. शेठजींनी चारचौघांत सांगितलं की रत्न मीच आणायला सांगितलं होतं. खऱ्या त्यागींवर शिंतोडे उडू नयेत म्हणून. ही गोष्ट आपल्याला पाठ असते, पण पाठशाळेत बहुतेकदा इथंच संपते. पुढं शेठजींनी ते रत्न परत घेतलं आणि त्या चोराला तिथून घालवून दिलं. रत्न त्याच्याकडं राहू दिलं नाही. आणि ग्रंथात उपगूहनाच्या लगेच पुढचं अंग आहे स्थितीकरण, वाटेवरून घसरणाऱ्याला पुन्हा वाटेवर आणणं. झाकायचं ते सावरण्यासाठी. नुसतं झाकलं आणि सावरलं नाही, तर ते उपगूहन नव्हे, ती भागीदारी झाली.

हे कळल्यावर माझं मला ठरवता आलं. मी जाऊबाईंना म्हटलं, "आठ दिवस थांबते. काकींना तू सांग, नाहीतर भावजींनी सांगावं. तुम्ही नाही सांगितलं तर त्यांचा कागद मी त्यांना वाचून दाखवणार. निनावी अर्ज मी करणार नाही. पण कचेरीतून कुणी विचारायला आलं तर खोटंही सांगणार नाही."

आठ दिवस कुणी काही सांगितलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी मी गेले. दोघंही घरात होते, हे पाहूनच गेले. काकी ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. मी कागद काढला आणि ओळीनं, मराठीत, सगळा वाचला. यात मी चहाडी केली असं मला वाटत नाही. ज्याची सही, त्याला मजकूर कळलाच पाहिजे. ती दुसऱ्या कुणाची गुप्त गोष्ट नव्हती, काकींची स्वतःची होती, आणि त्यांनाच ती माहीत नव्हती.

काकींनी सूप बाजूला ठेवलं. पैशाबद्दल, योजनेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मुलाकडं बघून एवढंच म्हणाल्या, "तू मला सांभाळत न्हाईस, असं मी लिहून दिलंय?"

भावजींना मान वर करता येईना. जाऊबाई म्हणाली, "अवो, ते नुसतं कागदावर असतंय."

"सही माझी हाय ना पण," काकी म्हणाल्या. "रोज प्रतिक्रमणाला बसते मी. कशाकशाचं प्रायश्चित्त घेतलं, आणि हे राहिलंच." मग माझ्याकडं वळून, "हे बंद करायचा कागद लिही. आत्ताच लिही."

मी तिथंच बसून कानडीत अर्ज लिहिला. मी माझ्या मुलाबरोबर एका घरात राहते, तो मला सांभाळतो, पेन्शन आणि वेगळं कार्ड बंद करावं. लिहून झाल्यावर मराठीत वाचून दाखवला. "तो मला सांभाळतो, हे पुन्हा वाच," असं त्या म्हणाल्या. मग सही केली. दुसऱ्या दिवशी भावजींनीच त्यांना गाडीत घालून नाडकचेरीत नेलं.

यातून सगळं गोड झालं असं मुळीच नाही. काकींच्या हिशेबानं दीड वर्षाचे, महिन्याला 3200 प्रमाणं, 57,600 रुपये झाले होते. ते परत कसे भरायचे हे विचारायला त्या दोनदा जाऊन आल्या. "नोटीस आली तर भरा, आजी," असं उत्तर मिळालं. नोटीस आलेली नाही. त्यांनी तो आकडा पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय, मुलाला रोज दिसेल असा. बिड्या वळणाऱ्या बाईचं कार्ड अजून झालेलं नाही. एकीचं बंद झालं म्हणून दुसरीचं सुरू होतं, असा काही सरकारात हिशेब नसतो. आणि जाऊबाई चार महिने आमची पायरी चढली नाही. दशलक्षण संपल्यावर क्षमावाणीला आली. हात जोडून नेहमीचे शब्द म्हणाली, मीही म्हणाले. कशाबद्दल, हे दोघींनीही उच्चारलं नाही. चहा घेऊन गेली.

हे सगळं मंडळात कळल्यावर एका श्राविकेनं मला सरळ विचारलं, "समजा काकी भोळ्या नसत्या, त्याही सामील असत्या, किंवा दोघांनी त्यांना गप्प बसवलं असतं. मग तुम्ही कळवलं असतं का?"

मी 'हो' म्हटलं, आणि विचार करून म्हटलं. तोंडावर सांगून झालं असतं, मुदत देऊन झाली असती, आणि तरी ते तसंच चालू राहिलं असतं, तर मी कळवलं असतं. फक्त स्वतःच्या नावानं, सही करून, आणि त्यांना आधी सांगून. चिंचेचं नाव निघालं असतं तर निघू दिलं असतं. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत साकारमंत्रभेदाचा अर्थ सांगताना असूया हे कारण मुद्दाम सांगितलंय. मत्सरानं गुपित फोडणं, हा तो दोष. तेव्हा अर्ज लिहायच्या आधी आपण आपल्याला विचारायचं, हे बंद झाल्यानं मला काय मिळणार? उत्तरात आनंद असला, सूड असला, तर पेन खाली ठेवावं आणि मन निवेपर्यंत थांबावं. काही मिळणार नसेल, उलट घरातलं येणंजाणं तुटणार असेल, आणि तरीही दुसऱ्याच्या वाट्याचं ताट उचललं जाताना बघवत नसेल, तर ती चहाडी नसते, साक्ष असते. चहाडी पाठीमागं होते. साक्ष समोर उभं राहून द्यावी लागते, म्हणूनच ती जड जाते.

ती श्राविका म्हणाली, "एवढं सगळं पाळायचं तर कुणी कळवणारच न्हाई." खरं आहे. पण एवढं पाळून जी घरात जाऊन बोलेल, तिच्यावर पुष्कळदा कळवायची वेळच येणार नाही, असंही मला वाटतं. नात्यातला माणूस सरकारला घाबरत नाही. आपल्याच माणसाच्या तोंडावरचे भाव बघून मात्र कधीकधी थांबतो.

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवलीय. कुणीही बाई कानडी अर्ज घेऊन आली, की भरून झाल्यावर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत वाचून दाखवते. घाई असली तरी. "असू दे हो, सगळं तेच असतंय," असं ती म्हणाली तरी. मग विचारते, हे सगळं खरं आहे ना? दोघी-तिघी एखाद्या ओळीपाशी थांबल्या. एकीनं ती ओळ खोडायला सांगितली. एकजण कागद घडी घालून घेऊन गेली, ती परत आली नाही. बाकीच्यांनी मान हलवली आणि सही केली.